भरलेल्या टाकीचा वास

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा ताई मशीनवर बसली होती. पडदे सुरेख झालेत, मापालाही अगदी बरोबर आहेत, पण ते परत घेऊन जा, असं बाई म्हणाल्या. कारण विचारलं तर जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या की पेशंट खुर्चीत बसला की तोंड उघडायच्या आधी विचारतो, इथे पेट्रोल कोणी सांडलंय का.

ताईला आधी रागच आला. तिच्या कापडाला नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत. हातातलं काम टाकून ती चालतच दवाखान्यात गेली, खिडकीपाशी उभी राहिली आणि पडद्यात तोंड खुपसलं. बाई खोटं बोलत नव्हत्या. वास पेट्रोलचाच होता. मंद होता, पण घडी-घडीत मुरलेला.

ताई म्हणजे काही एकट्या भावाची ताई नव्हती, सगळी गल्लीच तिला ताई म्हणायची. तिचं पडदे शिवायचं दुकान होतं. मापं ती घ्यायची, शिवायची ती, आणि तयार पडदे घरोघरी नेऊन टांगायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. तो इतका उंच होता की शिडी बरोबर न्यायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्याचं खरं नाव बँकेत आणि मतदार यादीतच राहिलं होतं. त्याची बायकोसुद्धा त्याला लंबू म्हणायची.

पडदे जायचे ते जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून. व्हॅन आधी एका बेकरीची होती, बाजूच्या रंगाखालून पावाचं चित्र अजून पुसटसं दिसायचं. लंबूचा तिच्यावर फार जीव. तिचा आवाज जरा बदलला तरी तो ओठ दाबून ऐकत बसायचा. मागच्या भागात कापडाचे गठ्ठे, अस्तरांच्या घड्या, पडद्यांच्या दांड्या असं सगळं छतापर्यंत भरलेलं असायचं.

दवाखान्यातले पडदे काखेत मारून ताई परत आली आणि तिने ते लंबूच्या पुढे धरले. त्याने एक टोक नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि सांगून टाकलं की हा नव्या कापडाचा वास आहे, दोन उन्हं खाल्ली की जाईल. ताई म्हणाली, हे पेट्रोल आहे. लंबू म्हणाला, बाईंना दुसरा रंग हवा असेल, म्हणून काहीतरी खुसपट काढलंय. ताईने वाद घातला नाही. तिने पडदे धुवायला टाकले आणि व्हॅन गॅरेजमध्ये दाखवून आण म्हणून त्याच्या मागे लागली.

गॅरेज गल्लीच्याच खालच्या टोकाला होतं. गॅरेजवाल्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण एक स्क्रू बदलायचा असला तरी ते आधी समोरच्याला त्याच्यावर व्याख्यान द्यायचे. मास्तरांनी बॉनेट उघडून पेट्रोलचे रबरी पाइप एकेक करून वाकवून पाहिले. एक पाइप वाकवताच त्याच्या पाठीवर बारीक भेगा उमटल्या, उन्हात वाळलेल्या चामड्यासारख्या. रबर आधी ताठ होतं, मग तडकतं, आणि ताठ झालेलं रबर क्लिपने कितीही आवळलं तरी धरत नाही, असं त्यांनी समजावलं. तो पाइप त्यांनी बदलला. बाकीचे अजून चालतील म्हणाले. गाडीच्या खाली डोकावून पाहिलं, तिथे ओल नव्हती. मास्तरांची पाठ धरलेली होती, त्यामुळे ते फार खाली वाकले नाहीत.

वास गेला. ताई दोनदा मागचं दार उघडून आत नाक घालून आली, काही नव्हतं. तिलाही बरं वाटलं.

मग एका सभागृहाचं काम आलं. रंगमंचाचा मोठा मखमली पडदा, अस्तरासकट. ताईने इतकं मोठं काम आजवर घेतलं नव्हतं. दुकानात मावेना म्हणून तिने तो घराच्या जिन्यात पसरून शिवला, आणि तितके दिवस घरातल्यांनी भिंतीला चिकटून ये-जा केली. सभागृह शहराबाहेर टेकडीवर होतं. पडदा न्यायचा ठरला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे एका शाळेचा कार्यक्रम होता आणि त्याच्या आत पडदा टांगून हवा, असं व्यवस्थापकांनी बजावून सांगितलं होतं. लांबचा पल्ला म्हणून लंबूने आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून आणली.

सकाळी दोघांनी मिळून मखमलीचे गठ्ठे व्हॅनमध्ये चढवले. शेवटचा गठ्ठा सरकवायला ताई आत शिरली आणि तिथेच थबकली. वास होता. या वेळी मंद नव्हता, घशाला लागत होता.

तिने लंबूला आत बोलावलं. त्याने दोनदा श्वास ओढला आणि म्हणाला, काही नाही गं, मखमलीला असतोच. ताई त्याच्याकडे बघत राहिली. वास इतका होता की तिचे डोळे चुरचुरत होते, आणि हा माणूस त्यात उभा राहून दांड्या मोजत होता. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.  दुकानात जाऊन तिने अस्तराच्या दोन चिंध्या आणल्या. एक तशीच ठेवली. दुसरी तिने टाकीचं झाकण उघडून तोंडाशी फिरवली, ती पेट्रोलने ओली झाली तशी जरा वाऱ्यावर धरली आणि दोन्ही लंबूच्या पुढे केल्या.

कुठलीला पेट्रोल लागलंय ते सांग, असं ती म्हणाली. लंबू हसला, हा काय पोरखेळ म्हणाला. तरी त्याने एक चिंधी हुंगली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. वेळ घेतला. शेवटी त्याने डाव्या हातातल्या चिंधीकडे बोट दाखवलं. ती कोरी, थेट दुकानातल्या कपाटातून आलेली होती.

ताईच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"चुकलं ना?" तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना मागे, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग गेलीच नाही."

"काहीच येत नाही?"

"काहीच नाही. गॅस बंद आहे का ते मी बटणाला हात लावून बघतो. तीन-तीनदा."

तो व्हॅनच्या मागच्या पायरीवर बसला. बायकोला सांगितलेलं नाही म्हणाला. त्यांची मुलगी लहान होती, बायको कामावर गेली की दुपारची ती त्याच्याकडेच असायची. बायकोला कळलं असतं तर तिने मुलीला त्याच्याजवळ सोडलं नसतं, किंवा सोडून दिवसभर जीव टांगणीला लावून बसली असती. ताईलाही त्याने मुद्दामच सांगितलं नव्हतं. ताईला एखादी गोष्ट कळली की ती गल्लीत कळते, असं तो म्हणाला, आणि त्यावर दोघंही थोडं हसले. पण ताईचं हसू टिकलं नाही. व्हॅन बहुतेक वेळा तो एकटाच न्यायचा. मागे छतापर्यंत कापड, पुढे तो, आणि नाक बंद.

तिने त्याच्या खिशातून व्हॅनची किल्ली काढून घेतली.

लंबू उठला. सभागृहाचं काय, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, सभागृह जागेवर आहे, कुठे जात नाही. त्याने बरंच सांगून पाहिलं. काचा उघड्या ठेवू, सावकाश जाऊ, पडदा उतरवून थेट गॅरेजला आणू. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्यानंतर ती कात्री हातात असली तर जशी बोलते तशी बोलली, एकेक शब्द तोडून. गाडी आज सुरू होणार नाही.

मखमल पुन्हा दुकानात उतरवली. गॅरेज खालच्या टोकाला होतं हे बरं झालं. ताई स्टीअरिंगवर बसली, लंबू मागून ढकलायला लागला आणि शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाला तसंच साबण लावलेलं सोडून मदतीला धावला. व्हॅन इंजिनाशिवाय, गल्लीभर शोभा करत गॅरेजच्या आवारात आली. ताईला गाडी चालवता येत नव्हती. ब्रेक कुठला ते तिने निघण्याआधी दोनदा विचारून घेतलं होतं.

मास्तर स्टुलावर बसूनच ऐकत होते. वास कधी येतो, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, ढकलत येताना तिने हाच विचार केला होता. दवाखान्याचे पडदे गेले त्याच्या आदल्या दिवशी लंबूने टाकी भरली होती. आज पुन्हा भरलेली. मधल्या दिवसांत जवळचीच कामं होती, पेट्रोल थोडं थोडंच घातलेलं, आणि तेव्हा वास नव्हता.

मास्तरांनी हनुवटी खाजवली. मग दुखणं वर आहे, म्हणाले. टाकी भरली आणि गाडी हलली की पेट्रोल टाकीच्या माथ्यापर्यंत उसळतं. तिथे तीन पाइप जोडलेले असतात. एक पेट्रोल भरायच्या तोंडाकडून येणारा जाड, एक हवा जायचा बारीक, एक इंजिनाकडे जाणारा. ते खालून दिसत नाहीत, टाकी उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. टाकीच्या वरच व्हॅनचा पत्रा, पत्र्यात वायरी जायचं एक भोक, भोकाचं रबर वाळलं असणार. वाफ तिथून थेट कापडात.

म्हणजे टाकी उतरवा, ताई म्हणाली.

मास्तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. त्यांची पाठ अशी की सकाळी मोजेसुद्धा बायको घालते. हाताखालचा मेकॅनिक लग्नाला गेलेला.

"तुम्ही स्टुलावरून उठू नका," ताई म्हणाली. "फक्त सांगत राहा. आम्ही दोघं करतो."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग लंबूकडे, मग स्वतःच्या स्टुलाकडे. सांगत राहायला मिळणार म्हटल्यावर त्यांचा नकार तितकासा टिकला नाही.

पण त्यांनी अटी घातल्या. मोबाइल ऑफिसात ठेवायचे. गाडीखाली उतरून काम करायचा जो खड्डा असतो त्याच्यावर गाडी घ्यायची नाही, उघड्या आवारातच ठेवायची, कारण पेट्रोलची वाफ जड असते, ती खड्ड्यात साचून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. बॅटरीची तार आधी काढायची. वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचा लाल सिलिंडर हाताशी. आणि लंबूने एकट्याने गाडीखाली जायचं नाही. हे शेवटचं त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण चिंध्यांची हकीगत तोवर त्यांच्या कानावर गेली होती. सांगणारी ताईच होती, तिने लंबूकडे पाहायचं टाळलं.

पेट्रोल डब्यांमध्ये काढून घेतलं आणि झाकणं लावून लांब सावलीत ठेवलं. व्हॅन लोखंडी टेकूंवर, म्हणजे मास्तरांच्या भाषेत घोड्यांवर, चढवली. टाकीच्या पोटाखाली जॅक, जॅकवर फळी. लंबूने पट्ट्यांचे बोल्ट सोडवले, ताईने जॅकचा दांडा धरून टाकी वीत-वीत खाली घेतली. मास्तर स्टुलावरून हळू, हळू म्हणत होते. टाकी खाली आली तशी वर्षानुवर्षांची माती दोघांच्या तोंडावर पडली.

मग ते दिसलं. हवेचा बारीक पाइप वळणावर उभा फाटला होता. ताईने त्याला बोट लावलं तर त्याचा तुकडाच हातात आला आणि चुरगळला. जाड पाइप वरून धडधाकट दिसत होता, पण मास्तरांनी क्लिप सोडवून खाली बघायला सांगितलं, तर क्लिपने रबर कापत कापत आत घर केलं होतं, आणि तिथून ओल झिरपून टाकीच्या माथ्यावर काळा चिकट डाग पसरला होता. तिसरा, इंजिनाकडे जाणारा पाइप, पेट्रोलचा नव्हताच. पूर्वी कोणीतरी तिथे पाण्याचा पाइप ठोकून दिला होता. तो फुगून मऊ पडला होता, दाबला तर शिजल्यासारखा दबत होता.

 लंबू पाठीवर पडून त्या तिसऱ्या पाइपाकडे बघत होता. या गाडीतून तो मुलीला कितीदा घेऊन फिरला होता.

तिसऱ्या पाइपाची मागची क्लिप गंजून बसली होती आणि ती टाकी अन् चॅसिसच्या मधे अशा बेचक्यात होती की लंबूचा पंजा आत जाईना. ताईचा गेला. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेले हात, पण इथे डोळ्यांनी दिसत नव्हतं, सगळं चाचपून. पाना निसटला की तिच्या बोटांची सालटं निघत होती. मास्तर म्हणाले, राहू द्या, ते टोक तसंच ठेवू, पुढचा अर्धा बदलू. ताई म्हणाली, अर्धा बदलायला मी इथे झोपलेली नाही. तिने हात बाहेर काढला, फुंकर मारली, पुन्हा आत घातला. क्लिप निघाली तेव्हा तिने काही जल्लोष केला नाही, फक्त ती गंजकी पट्टी लंबूच्या छातीवर टाकली.

बारीक पाइप आणि इंजिनाकडचा पाइप मास्तरांकडे नवे होते, पेट्रोलसाठीच बनवलेले, बाजूला तसं छापलेले. क्लिपाही नव्या, रबर न कापणाऱ्या. पुढच्या बाजूचे जे मास्तर आधी चालतील म्हणाले होते तेही बदलायचे, असं ताईने सांगितलं, आणि मास्तरांनी मुकाट्याने गुंडाळी पुढे केली. अडलं ते जाड पाइपापाशी. त्या व्यासाचा पेट्रोलचा पाइप गॅरेजमध्ये नव्हता. जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्याला फोन केला, तर माल उद्या दुपारी येईल म्हणाला.

इतक्यात ऑफिसातला ताईचा मोबाइल पुन्हा वाजायला लागला. व्यवस्थापकांचा हा कितवा फोन होता कोण जाणे. मास्तरांनी तो उचलला, आणि ताई सध्या गाडीखाली आहे असं सांगितलं. पलीकडच्या माणसाचा काहीतरी भलताच समज झाला असावा, कारण मास्तर घाईने म्हणाले, नाही, नाही, जिवंत आहे, काम करतेय. मग ते परत येऊन म्हणाले की व्यवस्थापक चिडलेत. आज रात्रीपर्यंत पडदा आला नाही तर पुढची कामं दुसऱ्याला देणार.

ताई गाडीखालून बाहेर आली आणि मातीतच बसून राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. एक टेम्पोवाला होता ओळखीचा, पण तो गावाला गेला होता. दुसऱ्याने मखमल उघड्यावर न्यायची म्हटल्यावर नकार दिला.

मास्तरांनी आपल्या परीने वाट काढली. मागच्या खोलीतून त्यांनी रेडिएटरच्या पाइपाचा तुकडा आणून दाखवला. माप अगदी तेच. एका दिवसाचा प्रश्न आहे, म्हणाले, टाकी अर्धीच भरा, जाऊन या, उद्या खरा पाइप बसवू. पेट्रोल काही एका दिवसात रबर खात नाही.

ताई त्या तुकड्याकडे बघत राहिली. जिन्यात पसरून शिवलेला पडदा तिच्या डोळ्यांपुढे होता. अर्धीच टाकी, एकच दिवस. ती हात पुढे करणार इतक्यात लंबू बोलला.

"नको."

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"ताई, तू रोज गाडीत नसतेस. मी एकटा असतो. निसटलं काही, तर मला कळणार नाही. आधी निदान वाटायचं तरी की कळेल. आता तेही नाही." त्याने रेडिएटरचा पाइप मास्तरांच्या हातात परत ठेवला. "उद्या येईल ना? मग उद्या."

सकाळी हाच माणूस काचा उघड्या ठेवून जाऊ म्हणत होता. ताई उठली, हात पुसले आणि मोबाइल घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. व्यवस्थापकांना तिने स्पष्ट सांगितलं की पडदा उद्या संध्याकाळच्या आत येणार नाही. परवा सकाळी येईल. गाडीत पेट्रोल गळतंय आणि त्या गाडीत मी कापड भरणार नाही, माणूसही बसवणार नाही. पलीकडून जे ऐकायला मिळालं ते तिने मधे न बोलता ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी लंबू घरी गेला तर बायकोने त्याला दारातच अडवलं. पेट्रोलमध्ये बुडून आला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. आंघोळ केल्याशिवाय मुलीला हात लावायचा नाही, ती म्हणाली. तो दारातच उभा राहिला आणि त्याने तिथेच सगळं सांगून टाकलं. ताप, वास, गॅसची बटणं, आजच्या चिंध्या. काय झालं ते त्याने दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं.  बायको आधी रडेल असं त्याला वाटलं. मग ती म्हणाली, म्हणजे इतके महिने तू माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करत होतास ते कशाच्या जोरावर? काय खमंग वास सुटलाय म्हणायचास रोज. त्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यात त्याची भीती कुठे गेली ते त्याला कळलंच नाही. सकाळी ती कामावर उशिरा गेली. आधी बाजारात जाऊन गॅस गळला की कोकलणारी डबी आणून तिने ओट्याजवळ लावली, आणि मुलीला नेहमीसारखं त्याच्याकडे सोडायचं ठरवलं. फक्त कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, हे तिने त्याच्याकडून वदवून घेतलं.

जाड पाइप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ताईने मास्तरांना न विचारता त्यावरची छापील अक्षरं आधी वाचली. पत्र्याच्या भोकाचं रबरही नवं घातलं. टाकी वर गेली, पट्ट्या आवळल्या, डब्यांतलं पेट्रोल परत आत गेलं, शिवाय कमी पडलं तेवढं आणून टाकी काठोकाठ केली. मास्तर आज स्टूल सोडून काठी टेकत गाडीपाशी आले. त्यांनी इंजिन सुरू न करता किल्ली अर्धीच फिरवायला लावली. आतला पंप गुणगुणला. मग ताईने प्रत्येक जोडाभोवती पांढरा कागदी रुमाल फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. कोरडा. इंजिन सुरू करून पुन्हा पाहिलं. कोरडा.

तरी तिचं समाधान झालं नाही. तिने लंबूला व्हॅन गल्लीच्या चढावर न्यायला लावली, वर नेऊन उलटी आणायला लावली, आणि या सगळ्या वेळात ती मागच्या रिकाम्या भागात दारं लावून पत्र्यावर बसून होती. खाली आल्यावर लंबूने मागचं दार उघडलं.

"येतोय?"

"नाही."

"नीट बघितलंस?"

"पावाचा वास येतोय," ताई म्हणाली. "खोटं नाही सांगत. कोपऱ्यात अजून पावाचा वास आहे."

लंबूने मान हलवली. त्याला तो वास आठवत असावा, कारण तो थोडा वेळ दार धरून तसाच उभा राहिला.

शाळेचा कार्यक्रम त्या संध्याकाळी जुन्या पडद्यावरच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे दोघं टेकडीवर पोचले, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांना बराच वेळ बाहेर ताटकळत ठेवलं. मग आत घेतलं, आणि जुना पडदा कार्यक्रमाच्या मधेच कसा अडकला, मुलांनी तो हातांनी कसा ओढला, हे सगळं ऐकवलं. ताईने आपली चूक नाही असं म्हटलं नाही, माफीही मागितली नाही. तिने काय झालं ते सांगितलं, आणि क्लिपने कापलेला पाइप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. व्यवस्थापकांनी तो उचलून पाहिला, बोटांना लागलेलं काळं रुमालाला पुसलं, आणि आमच्या टेबलावरून हे काढा आधी, म्हणाले. पुढच्या कामांबद्दल ते काही बोलले नाहीत. पडदा मात्र घेतला.

लंबूने तो दुपारपर्यंत टांगला. इथे खरोखर शिडी लागली. ताई खालून घड्या सारख्या करत होती. पडदा पहिल्यांदा पूर्ण मिटला तेव्हा झाडूवाली बाई काम थांबवून बघायला आली आणि मखमलीवरून हात फिरवून गेली.

डॉक्टरांनी लंबूला सांगितलं की वास परत येईलही किंवा येणारही नाही, आणि नाकाला सवय लावायला रोज चार वेगवेगळे वास हुंगायला दिले. तो रोज सकाळी ते नेमाने हुंगतो. अजून काही आलेलं नाही. ताईने ही गोष्ट मास्तरांखेरीज गल्लीत कोणालाही सांगितली नाही, आणि लंबूच्या मते हीच या सगळ्यातली सर्वांत अवघड कामगिरी होती.

पडदा टांगला त्या दिवशी टेकडीवरून परतताना ताईने व्हॅन थेट गॅरेजसमोर थांबवायला लावली. मास्तर आनंदाने बाहेर आले. पडदा कसा झाला, असं त्यांना विचारायचं होतं. ताईने खिडकीची काच खाली केली आणि विचारलं, ब्रेकलाही रबरी पाइप असतात ना? ते कधी बदललेत?

मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. मग स्टूल घेऊन या म्हणाले.